पोटभर खाऊनही मूल वाढत का नाही? लहान मुलांच्या आतड्यातली न दिसणारी सूज

वाढीच्या तक्त्यावर पहिले पाच-सहा महिने वर चढणारी रेघ सातव्या-आठव्या महिन्यात आडवी व्हायला लागते. मूल म्हणावं तसं आजारी नसतं. कधीतरी दोन दिवस पोट बिघडतं आणि आपोआप सावरतं. घरात शिजतं त्यातलं त्याला भरवलं जातं, अंगणवाडीतून टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीटही येतं. तरी वजन जागचं हलत नाही आणि उंची त्याहून सावकाश वाढते. मग सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात: नीट भरवत नसणार. या आरोपाला बहुतेक वेळा आधार नसतो. अशा असंख्य मुलांच्या लहान आतड्याला सततची, हलकी सूज असते आणि पोटात गेलेल्या अन्नाचा मोठा भाग त्या सुजेपायी वाया जातो. वैद्यकात याला एन्व्हायर्नमेंटल एन्टेरिक डिसफंक्शन, थोडक्यात ईईडी म्हणतात.

हा आजार बाहेरून दिसत नाही, म्हणून तो उशिरा लक्षात आला. 1960च्या दशकात अमेरिकेच्या पीस कोअर या परदेशांत सेवेला माणसं पाठवणाऱ्या सरकारी संस्थेचे तरुण स्वयंसेवक तेव्हाच्या पाकिस्तानात राहायला गेले. चांगलं खाऊनपिऊन वाढलेली ही धडधाकट माणसं. काही महिन्यांत त्यांच्यातल्या अनेकांच्या आतड्याचं अस्तर खराब झाल्याचं तुकडा काढून तपासल्यावर दिसलं आणि अन्नाचं शोषणही घटलेलं आढळलं. मायदेशी परतल्यावर ते अस्तर हळूहळू पूर्ववत झालं. याचा अर्थ दोष रक्तात किंवा वंशात नव्हता, तो परिसरात होता, आणि परिसर बदलला की आतडं सुधारतंही. पण ती प्रौढ माणसं होती. त्यांचं नुकसान भरून निघालं. बाळाच्या बाबतीत हीच सूज नेमकी त्या काळात येते जेव्हा उंची सर्वांत वेगाने वाढायची असते: पहिल्या वर्षात साधारण 25 सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षात 12. हा काळ हातचा गेला की आतडं पुढे सुधारलं तरी हुकलेली उंची पूर्ण भरून येणं अवघड असतं.

आतड्यात नेमकं काय बिघडतं

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, बोटांच्या आकाराचे असंख्य उद्वर्ध असतात. त्यांच्यामुळे शोषणासाठीचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. उद्वर्धांवरच्या पेशी तीन ते पाच दिवसच जगतात. तळाशी असलेल्या खळग्यांत नव्या पेशी तयार होत राहतात आणि वर सरकत जातात. ईईडीमध्ये वरच्या पेशी जंतूंच्या माऱ्याने लवकर मरतात, म्हणून उद्वर्ध आखूड आणि बोथट होतात. झीज भरून काढायला खळगे खोल होतात. भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची गर्दी होते.

याचा पहिला परिणाम उघड आहे. पृष्ठभाग कमी झाला की शोषण कमी. शिवाय साखरा आणि प्रथिनं पचवणारी काही विकरं (एन्झाइम) याच पेशींच्या टोकावर असतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तर उद्वर्धाच्या वरच्या भागात असतं, म्हणून ते सर्वांत आधी घटतं.

दुसरा परिणाम जास्त घातक आहे आणि लोकांना तो ठाऊक नसतो. शेजारशेजारच्या पेशींमधले घट्ट सांधे सैल पडतात आणि भिंत गळू लागते. जंतूंच्या आवरणाचे तुकडे त्या फटींतून रक्तात शिरतात. शरीराला वाटतं जंतुसंसर्ग झालाय. प्रतिकारयंत्रणा दिवसरात्र, महिनोन् महिने चालू राहते. या सततच्या दाहामुळे वाढीच्या संप्रेरकाला यकृत नीट प्रतिसाद देत नाही, आयजीएफ-1 नावाचं रसायन कमी तयार होतं आणि हाडांच्या टोकांना लांब होण्याचा निरोपच पोचत नाही. झिंबाब्वेतल्या बाळांमध्ये हे दिसलं आहे: ज्यांची उंची खुंटली त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त आणि आयजीएफ-1 कमी. म्हणजे अन्न शोषलं गेलं तरी त्याचा वाढीसाठी वापर होत नाही.

लोहाचीही हीच गत. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्यातून लोह आत येण्याचा रस्ता अडवतं. आयर्नचं सिरप नियमित देऊनही काही मुलांचं हिमोग्लोबिन का चढत नाही, याचं एक कारण इथे आहे. म्हणून सिरप बंद करायचं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिलि, म्हणजे 20 मिलिग्रॅम लोह, हे चालूच ठेवायचं. अपवाद फक्त तीव्र कुपोषित मुलांचा. त्यांना उपचाराच्या सुरुवातीला लोह देत नाहीत, वजन वाढायला लागल्यावर देतात, कारण वापरात न आलेलं लोह आतड्यातल्या घातक जंतूंच्या उपयोगी पडतं.

आतडं किती गळतंय हे मोजायला संशोधक मुलाला दोन साखरांचं पाणी पाजतात. मॅनिटॉलचा रेणू लहान, तो चांगल्या भिंतीतून सहज शोषला जातो. लॅक्ट्युलोजचा मोठा, तो फटी असतील तरच आत जातो. पुढच्या काही तासांची लघवी गोळा करून दोन्हींचं प्रमाण पाहतात. गाम्बियाच्या खेड्यांतल्या दोन ते पंधरा महिन्यांच्या बाळांवर ही चाचणी वारंवार केली गेली. 1991मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळांची वाढ मागे पडण्यातला 43 टक्के फरक आतड्याच्या या गळतीशी जुळत होता. चाचणी संशोधनापुरती ठीक आहे. आपल्या मुलासाठी अशी चाचणी शोधत शहरातल्या लॅबमध्ये फिरण्यात पैसे घालवू नयेत. निकालाने उपचार बदलत नाही.

जंतू येतात कुठून

वेल्लोर, ढाका आणि नेपाळमधलं भक्तपूर यांच्यासह आठ देशांतल्या आठ ठिकाणी मॅल-एड नावाचा अभ्यास झाला. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत मुलांची शी पुन्हा पुन्हा तपासली. जुलाब नसलेल्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांपैकीही सुमारे 65 टक्के नमुन्यांत रोगकारक जंतू सापडले. कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला, एका प्रकारचे ई. कोलाय, जिआर्डिया. मूल हसतंय, खेळतंय आणि आतड्यात दोन-तीन जंतूंचा मुक्काम आहे, ही तिथली नेहमीची अवस्था होती. जुलाब मोजून या आजाराचा अंदाज येत नाही तो यामुळेच.

जागा चुकलेले जंतूही असतात. लहान आतड्याच्या वरच्या भागात एरवी जंतू फार थोडे. मादागास्कर आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या खुजेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) असलेल्या मुलांच्या जठरात आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागात तोंडात राहणाऱ्या जंतूंची दाट वस्ती आढळली. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतल्या मुलांवरच्या 2020च्या अभ्यासात अशाच जंतूंचा एक गट मुलांच्या खुजेपणाशी निगडित निघाला.

ज्या घरात मूल रांगतं तिथली जमीन हा जंतूंचा मोठा रस्ता आहे, आणि तिकडे सर्वांत कमी लक्ष जातं. सात-आठ महिन्यांचं मूल दिसेल ते तोंडात घालतं. अंगणात कोंबड्या आणि शेळ्या असतील तर त्यांची विष्ठा त्याच जमिनीवर. कॅम्पिलोबॅक्टरचा मोठा साठा कोंबड्यांत असतो. कोंबड्या पाळायला हरकत नाही, अंडी हवीतच. पण रात्री त्यांना माणसं झोपतात त्या खोलीत डालू नये आणि रांगत्या मुलाची जागा त्यांच्या वावरापासून वेगळी असावी.

शौचालयं बांधली, उंची का वाढली नाही

2009मध्ये एक मोठी मांडणी पुढे आली: खुजेपणामागे जुलाबांपेक्षा ही आतड्याची सूज आहे, तेव्हा शौचालय, हात धुणं आणि शुद्ध पाणी यांनी मुलं उंच होतील. पटण्यासारखीच गोष्ट होती. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये हजारो कुटुंबांवर त्याच्या काटेकोर चाचण्या झाल्या. घराजवळ सुधारित शौचालय, साबण-पाण्याची सोय, पाण्यात क्लोरीन. झिंबाब्वेत तर बाळाला मातीपासून दूर ठेवायला चटई आणि खेळायचा कठडासुद्धा दिला. 2018-19मध्ये निकाल आले. स्वच्छतेच्या या उपायांनी उंचीत काहीही फरक पडला नाही. बांगलादेशात जुलाब कमी झाले, बाकी दोन देशांत तेही नाही.

यावरून स्वच्छता निरुपयोगी ठरते असा निष्कर्ष काढणारे चुकतात. त्या उपायांनी जंतूंचा मारा पुरेसा कमीच झाला नव्हता. मुलांच्या पोटात जंतू जवळजवळ तेवढेच राहिले. दहा घरांतल्या दोघातिघांनी शौचालय वापरलं आणि बाकीचे ओढ्याकाठी गेले, तर त्या दोन-तीन घरांतल्या बाळाच्या जमिनीवर, पाण्यात, माशांच्या पायांना तोच मैला येत राहणार. ओडिशातल्या चाचणीत गावांतली शौचालयं सरासरी 9 टक्के घरांवरून 63 टक्क्यांवर गेली, तरी मुलांच्या जुलाबांत वा उंचीत बदल दिसला नाही. आपल्याकडे 2004मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात संपूर्ण स्वच्छता अभियानाचा असाच प्रयोग झाला होता. भर गावाने मिळून उघड्यावरची शौच थांबवण्यावर होता. तिथे मुलांच्या उंचीत सुमारे 0.3 प्रमाण विचलनाची, म्हणजे दोन वर्षांच्या मुलात जवळपास एक सेंटिमीटरची वाढ दिसली. एका जिल्ह्यातल्या निकालावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. पण घराघरांत खड्डा खणून देणं आणि गावातला मैला खरोखर गावाबाहेर राहणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यासाठी नळाचं पुरेसं पाणी, पक्की जमीन, गटारं, गाळाची विल्हेवाट हे सगळं लागतं. तो खर्च सरकारचा आहे, आईचा नाही.

त्याच तीन देशांतल्या चाचण्यांत ज्या मुलांना पूरक पोषण मिळालं आणि आयांना भरवण्याचं मार्गदर्शन मिळालं त्यांची उंची थोडी वाढली. तेल-शेंगदाणा-दूध आणि सूक्ष्म पोषकं असलेली ती रोजची छोटी पुडी होती. झिंबाब्वेत खुजी मुलं 35 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर आली. इतकंच. पण मुलाची आज गाठ पडते ती त्याच्या पुढच्या वाटीशी, म्हणून त्या वाटीकडे नीट पाहायला हवं.

वाटीत काय आणि किती

आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा दिलं जातं ते भाताची पेज, वरणाचं पाणी, नाचणीची पातळ खीर. हिशेब करून पाहा. कपभर, म्हणजे 200 मिलि पाण्यात एक मोठा चमचा पीठ टाकलं तर त्या कपात जेमतेम 35 किलोकॅलरी उतरतात. आठ किलोच्या बाळाचं जठर वजनाच्या किलोमागे 30 ग्रॅम धरलं तर 240 ग्रॅम अन्नाने भरतं. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण 300 किलोकॅलरी लागतात. पातळ पेजेच्या तीन वाट्यांतून शंभरच मिळतात आणि पोट मात्र तुडुंब. वरणाच्या पाण्यात तर डाळ खालीच राहते.

घट्ट करावं तर बाळाला गिळवत नाही. यावर मोड आणलेल्या धान्याचा उपाय आहे आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यावर बरंच काम झालं आहे. नाचणी किंवा गहू धुऊन 10-12 तास भिजत घाला. ओल्या फडक्यात बांधून एक ते दोन दिवस मोड येऊ द्या. कडक उन्हात पूर्ण वाळवा, चोळून मोड झटका, दळा. मोड येताना धान्यात अ‍ॅमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चचे धागे तोडतं. 25 ग्रॅम साधं पीठ अर्धा कप पाण्यात नीट शिजवा, गोळ्यासारखं घट्ट होईल. गॅसवरून उतरवून हाताला चटका बसणार नाही इतपत वाफ जिरू द्या, मग या मोडाच्या पिठाचा पाव चमचा घालून ढवळा. काही मिनिटांत ते पळीवाढं होतं. मग पुन्हा एक उकळी द्या, कारण वरून घातलेलं पीठ कच्चं असतं. त्यात एक छोटा चमचा तेल किंवा तूप घातलं की तेवढ्याच वाटीत 130च्या आसपास किलोकॅलरी येतात. दोन चुका इथे नेहमी होतात. मोडाचं पीठ खमंग भाजलं जातं आणि विकर मरतं. किंवा ते उकळत्या खिरीत घातलं जातं, तरी तेच. शिवाय मोड आणताना बुरशीचा वास आला तर तो घाणा फेकून द्यावा.

सहा महिने पूर्ण झाले की सुरुवात दोन-तीन चमचांनी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांपासून अर्धा कप, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक कप, तितक्याच वेळा, मधे एक-दोनदा खाऊ. स्तनपान दोन वर्षं आणि पुढेही. वरणातली डाळ घोटून, भाताबरोबर शेंगदाण्याचं कूट, जमेल तिथे अंडं. कुटासाठी काळे पडलेले, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून टाका. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि तेही आतड्याला आणि वाढीला मारक असल्याची शंका आहे. अंड्याबद्दल दोन निकाल आहेत. इक्वेडोरमध्ये सहा महिने रोज एक अंडं दिल्यावर बाळांची उंची चांगली वाढली, मलावीत तसाच प्रयोग फसला. मलावीतली मुलं आधीच मासे बऱ्यापैकी खात होती. जिथे ताटात प्राणिज प्रथिन नसतंच, तिथे अंड्याचा उपयोग जास्त. नंदुरबार-मेळघाटात सरकारच्या अमृत आहार योजनेची अंडी खरोखर मुलांच्या पोटात जातात ना, हे म्हणूनच पाहायला हवं.

चहा-बिस्किट बंद. चहा लोहाचं शोषण अडवतो, बिस्किट भूक मारतं.

ढाक्यात याच्या पुढचं पाऊल पडलंय. आतड्यातल्या उपयोगी जंतूंना पोसणारं अन्न शोधून हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चं केळं यांचं मिश्रण तयार केलं. 2021च्या अहवालानुसार, मध्यम कुपोषित मुलांना ते तीन महिने दिल्यावर प्रचलित पूरक आहारापेक्षा वजन जास्त वेगाने वाढलं, आणि तेही त्यात उष्मांक कमी असताना. पदार्थ ओळखीचे असले तरी त्याचं प्रमाण, प्रक्रिया आणि सूक्ष्म पोषकं ठरलेली आहेत. घरी केळ्याचं पीठ कालवून तोच परिणाम मिळेल असं समजू नये.

शिजवलेलं किती वेळ ठेवायचं, हा प्रश्न वाटीइतकाच मोठा. सकाळी केलेली खीर कामावर जाताना झाकून ठेवली आणि दुपारी मोठ्या बहिणीने भरवली, की त्या पाच-सहा तासांत कोमट खिरीत जंतू अफाट वाढलेले असतात. दोन तासांत संपेल एवढंच करा. उरलंच तर वाफा येईपर्यंत पुन्हा उकळा. बाटली नको, बोंडलंही नको. त्याच्या तोटीत आत हात पोचत नाही आणि साय चिकटून राहते. वाटी-चमचा घासता येतो. भरवणारीचे हात साबणाने धुवायचेच, पण त्याआधी बाळाचेही धुवा, ते राहून जातं. पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा. मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण, वापरत असाल तर बाटलीवरच्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. मात्र क्लोरीनने क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी मरत नाही, उकळल्याने मरतो. माठातून ओगराळ्यानेच पाणी काढा. आणि बाळाची शी निरुपद्रवी नसते. ती अंगणात न फेकता शौचालयातच टाका.

जुलाब झाले तर, आणि औषधांबद्दल

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलि ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच, ग्लासभर पाण्यात निम्मं ओतून नाही. ते जास्त खारट होतं आणि धोक्याचं असतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, पूर्ण 14 दिवस. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की गोळी थांबवली जाते, तिथेच फायदा जातो, कारण झिंक अस्तराच्या दुरुस्तीसाठी असतं. या दिवसांत खाणं तोडू नका. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक जेवण जास्त द्या.

ईईडीवर औषध अजून सापडलेलं नाही. मलावीत रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक दिलं, गळती तशीच. टांझानियातल्या हायडोममध्ये जंतुनाशकं आणि निकोटिनामाइड (ब-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) देऊन पाहिलं, अठरा महिन्यांच्या वयाला उंचीत फरक नाही. म्हणून वजन वाढत नाही म्हणून अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. जंताची गोळी वेळापत्रकाप्रमाणे जरूर द्या, जंत काढायला. आतडं त्याने दुरुस्त होत नाही. तोंडावाटे द्यायच्या लशीही सुजलेल्या आतड्यात कमी परिणाम करतात. दिल्ली, पुणे आणि वेल्लोरमध्ये तपासलेली भारतीय रोटाव्हायरस लस तीव्र जुलाबांपासून सुमारे निम्मंच संरक्षण देते, तर श्रीमंत देशांत अशा लशींचं संरक्षण 85 टक्क्यांच्या वर असतं. तरीही 6, 10 आणि 14 आठवड्यांचे तिन्ही डोस घ्यायचेच. जिथे जुलाबांनी मुलं दगावतात तिथे निम्मं संरक्षणही पुष्कळ जीव वाचवतं.

मोजमाप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5नुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानाने बारीक. ही मुलं वेळेत सापडायची तर लांबी नीट मोजायला हवी. दोन वर्षांखाली आडवं झोपवून, त्यानंतर उभं करून, दोन्हींत 0.7 सेंटिमीटरचा फरक येतो. डोकं एकीने फळीला टेकवून धरायचं, गुडघे दुसरीने दाबायचे, दोन्ही तळवे सपाट. एकटीने, एकच पाय ओढून मोजलं की सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला वाढतंच एक सेंटिमीटर. म्हणजे महिन्याभराची वाढ त्या एका चुकीत बुडते. दोन वर्षांचा मुलगा उभा 81 सेंटिमीटरच्या खाली किंवा मुलगी 79च्या खाली असेल तर खुजेपणा आहे. पण रेघ आडवी होताच विचारपूस सुरू व्हायला हवी, 81ची वाट पाहायला नको.

सहा महिन्यांवरच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर ते मूल तीव्र कुपोषित आहे. खाणं सोडलं असेल, मलूल असेल, ताप किंवा सूज असेल तर त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं. शीतून रक्त, 14 दिवसांहून जास्त चाललेले जुलाब, सतत फुगलेलं पोट किंवा गहू सुरू केल्यापासून घसरलेलं वजन यांपैकी काहीही असेल तर ईईडी म्हणून सोडून देऊ नका. शिगेला, क्षयरोग आणि सिलिअ‍ॅक (गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला होणारा आजार) यांची तपासणी बालरोगतज्ज्ञाकडून करून घ्या, या तिन्हींवर उपचार आहेत.